दिवस मावळल्यावर येणारी आई

अन्याय झाला तो एका रानसशिणीवर. गेल्या वर्षी, धुळवडीच्या दिवशी, दिवस मावळायच्या जरा आधी, चाकणच्या कंपन्यांमधल्या एका रिकाम्या प्लॉटवर. वेळ मुद्दाम सांगतेय, कारण सगळा घात त्या वेळेतच आहे. आणखी थोडा वेळ त्या गवताकडे कुणी वळलं नसतं तर अंधार पडला असता, ती आली असती, आपल्या दोन पिल्लांना पाजून आली तशी निघून गेली असती. ती आलीही असणार. जागा रिकामी होती.

पिल्लं उचलणारा शिकारी नव्हता. भटकं कुत्रं नव्हतं. माझा मामा होता. कंपनीत प्रेस मशीनवर काम करणारा, घरात पाल निघाली तरी तिला सुपलीवर घेऊन बाहेर सोडणारा. मला राग आहे तो याचाच. क्रूर माणसाशी सरळ भांडता येतं, त्याच्याविरुद्ध पत्रक काढता येतं. दयाळू माणसाशी भांडायला गेलं की लोक आपल्यालाच दगड म्हणतात. म्हणोत.

यंदाची होळी नुकतीच झाली आणि तो वास पुन्हा सुटलाय. जळक्या गवताचा. सांगवीत आमच्या गॅलरीतल्या कपड्यांवर काळी कुसळं येऊन बसतात. झटकायला गेलं की त्यांची रेघ उमटते. मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की बसच्या खिडकीतून काळे चौकोन दिसायला लागतात. हद्दीचे चुना लावलेले दगड त्या काळ्यात दातांसारखे पांढरे दिसतात. वर घारी फिरत असतात, खाली कोतवाल पक्षी ज्वाळांच्या अगदी पुढ्यात झेपा घेतात, कारण आगीपुढे जे जे पळतं ते त्यांना आयतं मिळतं. बसमधले लोक नाकाला रुमाल लावतात आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघतात.

हे गवत दरवर्षी जाळतात. का, ते विचारलं तर प्लॉटवरचे वॉचमन सांगतात: साप येतात. कुणीतरी पेटती विडी टाकणारच, त्यापेक्षा आपणच लावलेली आग बरी. आणि मालक गाडीतून आला की जमीन स्वच्छ दिसली पाहिजे. स्वच्छ हा त्यांचा शब्द. पावसाळाभर उंच वाढलेलं, हिवाळ्यात पिवळं पडलेलं, शेकडो जिवांनी घर केलेलं गवत म्हणजे घाण, आणि राख म्हणजे स्वच्छता.

त्या गवतात रानससा राहतो. त्याला बीळ नसतं. अंगाएवढा खळगा करून तो त्यात बसतो, कान पाठीवर चपटे करून, मातीच्या रंगाचा होऊन. पावलाखाली यायची वेळ आली तरी हलत नाही. न हलणं हेच त्याचं संरक्षण. त्याची पिल्लं जन्मतात ती अंगभर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून. आई त्यांना गवतात ठेवते आणि लांब जाते. टाकून जात नाही, लांब जाते. पिल्लांच्या अंगाला वास जवळजवळ नसतो, तिच्या अंगाला असतो. ती दिवसभर जवळ बसली तर कोल्ह्याकुत्र्याला वाट दाखवल्यासारखं होईल. म्हणून दिवस मावळल्यावर एकदा येते, थोडाच वेळ पाजते, जाते. चोवीस तासांत एकदाच. तिचं दूध तेवढं दाट असतं.

आता भर दुपारी एखादा माणूस तिथून जातो. त्याला दोन इवलीशी पिल्लं दिसतात, हलत नाहीत, आई कुठंच नाही. तो म्हणतो, अरेरे, अनाथ झाली बिचारी. आणि उचलतो. त्या क्षणी ती अनाथ होतात. त्याच्या आधी नव्हती.

रविवारी मी आणि माझ्या दोन मैत्रिणी निगडीच्या बसस्टँडबाहेर टेबल टाकून पत्रकं वाटतो. ससा म्हणजे वाढदिवसाचं खेळणं नाही, असं वर मोठ्या अक्षरांत आहे. लोक थांबतात ते बहुतेक पांढऱ्या, पाळायच्या सशासाठी. सगळ्यात जास्त विचारतात गाजराचं. गाजर म्हणजे सशाला मिठाई आहे हो. तुम्ही तुमच्या पोराला रोज तिन्ही त्रिकाळ पेढे घालाल का? त्याला हवं सुकं गवत, दिवसभर, ढीगभर. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. नुसतं मऊ खायला दिलंत तर दात वाढून गालात रुततात, मग तो खाणं सोडतो, आणि अर्धा दिवस न खाल्लेला ससा म्हणजे डॉक्टरकडे पळायची वेळ झालेली असते. उद्या बघू म्हणालात तर उद्या ससा नसतो.

अंघोळ? घालू नका, भीतीनंच मरेल. स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो तो. कान धरून उचलायचं असतं ना? तुम्हाला कुणी कान धरून उचललं तर चालेल का? एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली. स्वतःचीच लेंडी खातो, शी. शी काय त्यात? ती वेगळी, मऊ असते, गवतातलं पोषण तो दुसऱ्या फेरीत मिळवतो. त्याला अडवलंत तर आजारी पडेल. एक गृहस्थ म्हणाले, आमचा ससा फार शहाणा, कधी आवाजच करत नाही. मी म्हणाले, काका, त्याला दुखलं तरी तो आवाज करणार नाही. जो सगळ्यांचं खाणं असतो तो दुखणं लपवायला शिकतो. काका पत्रक न घेताच गेले.

आणि उन्हाळा. सशाला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांतून बाहेर टाकतो. रहाटणीत पश्चिमेच्या गॅलरीत, पत्र्याखाली, तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेले ससे मी बघितलेत. दुपारी कान लालभडक, तोंड उघडं, कुशी धपापत. घरातली माणसं आत पंख्याखाली. फ्रिजमध्ये बाटलीत पाणी गोठवा, फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा, तो तिला टेकून झोपेल. याला पैसा लागत नाही, अक्कल लागते.

तर धुळवड. संध्याकाळी मामीचा फोन आला, ये बघायला, मामानं रानातले ससे आणलेत. मी गेले तेव्हा रहाटणीतल्या त्यांच्या बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये गर्दी होती, सगळ्यांचे चेहरे अजून गुलाबी-जांभळे. मधोमध मामाचं हेल्मेट उलटं ठेवलेलं, आत रुमाल, रुमालात ती दोघं. मुठीएवढी. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. डोळे टक्क उघडे. कुणी म्हणालं, बघा कशी शांत बसलीत, माणसाळलीत लगेच. शांत नव्हती. पोटाची कातडी एवढ्या वेगानं उडत होती की ठोके मोजता आले नसते.

मामा सांगत होता. कंपनीच्या मागच्या प्लॉटवर अर्धं गवत सकाळीच जाळलेलं, राखेच्या कडेला ही दोघं, माय आगीला भिऊन पळालेली. मी म्हणाले, पळालेली नाही, ती अंधार पडल्यावर येणार होती, यांना आत्ताच्या आत्ता परत ठेवायला पाहिजे.

मामा लातूरकडचा, इतकी वर्षं इथं काढून त्याची बोली तशीच आहे. "काय बोलायलीस तू," तो म्हणाला. "जळालेल्या रानात लेकरं ठेवून येऊ म्हणायलीस? काळीज हाय का न्हाई तुला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पत्रकात छापते तेच सांगत होते, पण ते तिथं कुणाला ऐकायचं नव्हतं. शेजारच्या सुनंदाकाकूंनी तोडगा काढला. त्यांच्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशिणीला आठवड्यापूर्वी पिल्लं झाली होती. त्यातच ही दोन ठेवू, चाराची सहा, तिला काय कळतंय, दोन्ही ससेच की. मी म्हणाले, काकू, हे दोन वेगळे प्राणी आहेत, शेळी आणि हरीण असावं तेवढे वेगळे. काकू हसल्या. "तुझं पत्रक वाचून नाही गं सशिणी पोरं सांभाळत," म्हणाल्या, आणि पॅसेज हसला.

पिंजऱ्यातली तिची पिल्लं मऊ केसांच्या घरट्यात, डोळे नुकते किलकिले होऊ लागलेली. त्यांच्याशेजारी ही दोघं, तपकिरी, सगळं बघणारी. कुणालाही फरक दिसला असता. सशिणीला दिसायची गरजच नव्हती. तिनं मागचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, आणि ठिपकेवाल्याच्या पाठीला चावली. तिचं चुकलं नाही. तिच्या घरात न विचारता परके आणून टाकले होते. काकूंनी पिंजरा उघडून त्यांना बाहेर काढेपर्यंत पॅसेज रिकामा व्हायला लागला होता. चुकल्यावर आपल्याकडे सगळ्यांना स्वयंपाकाची आठवण होते.

निगडीतल्या एका प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन लावला. त्या म्हणाल्या, दूध पाजू नका, ऊब द्या, शांत ठेवा, आणि उद्या दिवस मावळायच्या आत जिथून उचललं तिथं नेऊन ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई सोडत नाही. ती उद्याही शोधत येईल. मी मामाला जसंच्या तसं सांगितलं. आता अंधार पडलाय, प्लॉटचं गेट बंद झालं असेल, सकाळी बघू, असं तो म्हणाला. मी घरी आले.

सकाळी पुन्हा गेले तेव्हा ठिपकेवालं मेलं होतं. नाकाला वाळलेलं दूध. चावा बसलाय, भूकही लागली असेल म्हणून मामानं रात्रभर उठून उठून ड्रॉपरनं गाईचं दूध पाजलं होतं त्याला. ते फुफ्फुसात गेलं. जे पोटात गेलं तेही त्याला पचणारं नव्हतं. मामी दाराआड डोळे पुसत होती. मामा बुटांच्या खोक्याचं झाकण हातात धरून बसला होता. पहिल्या शिफ्टची बस चुकवून बसला होता.

मला त्याची दया आली नाही, असं मी म्हणणार नाही. पण दयेवर माझा आता विश्वास नाही. दयेनंच ते मारलं होतं. मी एवढंच म्हणाले, मामा, दुसरं जिवंत आहे.

तो म्हणाला, माणसाचा हात लागलाय, माय आता त्याला हुंगूनही बघत नसती. त्याच्या गावाकडं सगळे असंच म्हणतात. चिमणीच्या पिल्लाला हात लावू नये, वासराला दुसऱ्याचा हात लागू नये. मी विचारलं, तुमच्या गावातल्या कुणी ठेवून बघितलंय का परत? त्यानं हातातलं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाला, आणि उद्या गुरुवार. गुरुवारी कंपन्या बंद, आजूबाजूला गाड्या नसतात, म्हणून राहिलेलं अर्धं गवत उद्या सकाळी पेटवणार आहेत. आज ठेवून आलो तरी उद्या जाळात जाईल. तू मला दोनदा मारायला लावायलीस.

हे पत्रकात कुठंच नव्हतं. मी म्हणाले, आधी आजचं बघू.

दिवसभर त्या पिल्लाला आम्ही अंधारात, फडक्यात, कुणाला न दाखवता ठेवलं. पॅसेजमधून चौकशा आल्या. मामीनं दार उघडलं नाही. दुपार उलटल्यावर मामानं बाईक काढली, मी मागे, मांडीवर खोकं. भोसरीच्या पुढं कंटेनर अडकलेले, हॉर्नवर हॉर्न. एवढा आवाज त्या जिवानं कधी ऐकला नसेल. मी खोक्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते आणि सूर्याकडे बघत होते. तो खाली चालला होता आणि आम्ही सिग्नलला उभे होतो.

प्लॉटच्या गेटवर शिंदे नावाचा वॉचमन, जवळच्याच गावचा, मामाच्या ओळखीचा. त्यानं सरळ नाही म्हटलं. "आत कुनालाच सोडायचं न्हाई, साहेबांची ऑर्डर हाय. आन उद्या हे सगळं पेटवायचंय आमाला."

मी कायदा काढला. रानससा पकडता येत नाही, पाळता येत नाही, ते माहीत असूनही लोक जाळतात वगैरे. शिंदे माझ्याकडे बघतही नव्हता. मामानं मला हातानं मागं सारलं.

"शिंदेभाऊ, एक मारलंय मी," तो म्हणाला. "दुसरं ठेवू द्या राव. पाया पडतो."

शिंदेनं गेट उघडलं.

राखेच्या काठाला, गवताच्या कडेवर, मामानं जागा दाखवली. एक खळगा होता, खरंच अंगाएवढा, अजून दबलेला. पिल्लू त्यात ठेवलं. ते हललं नाही. आम्ही मागे मागे सरकत रस्त्यावर आलो, चहाच्या टपरीमागे उभे राहिलो. सूर्य कंपनीच्या शेडमागे गेला. राखेचा वास, डिझेलचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या भाजीचा वास. जनरल शिफ्टची बस सुटलेली माणसं भरून गेली. मामा सारखा घड्याळ बघत होता. मी म्हणाले, तिच्याकडे घड्याळ नाही.

ती कुठून आली ते दिसलं नाही. आधी गवतात काही नव्हतं, मग दोन कान होते. मग कान नव्हते. बराच वेळ नव्हते. मग खळग्याजवळ एक अंधाराचा गोळा थांबलेला, आणि त्याच्या पोटाखाली काहीतरी हलतंय. मामानं माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. ती फार वेळ थांबली नाही. निघाली तेव्हा एका उडीत गेली, जळालेल्या भागावरून, आणि उडालेली राख थोडी तरंगत राहिली.

मामा म्हणाला, "घेतलं की गं तिनं." मग बाईकला टेकून उभ्या उभ्या रडला. माझ्याकडे पाठ करून.

उद्याच्या जाळाचं काय करायचं हे त्यानंच ठरवलं, मला न विचारता. त्यांच्या गावाकडं इर्जिक असायची: कुणाचं रान मागे पडलं की बाकीच्यांनी एक दिवस मजुरी न घेता त्याच्या रानात राबायचं, त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मामानं शिफ्टमधल्या आपल्या माणसांना फोन केले. गुरुवारच्या सुट्टीला, सकाळी, विळे घेऊन, चाकणला. त्यातले बरेचजण लातूर-बीड-परभणीकडचे, विळा हातात धरून वर्षं लोटलेली. आले. शिव्या देत आले, सुट्टीची झोप मोडली म्हणून. आले मात्र. खळगा आणि त्याच्या चहूबाजूचं गवत त्यांनी तसंच उभं ठेवलं, त्याभोवती रुंद पट्टा कापून काढला, पार मातीपर्यंत, की आग तिथं पोचूच नये. एकजण मामाला म्हणाला, "भावा, सशासाठी इर्जिक घालणारा तू पहिलाच." मामीनं भाकरी आणि वांग्याची भाजी डब्यात भरून दिली होती. शिंदे बसला जेवायला. जेवून उठला आणि उरलेलं गवत पेटवलं त्यानं, सांगितलेलं काम होतं त्याचं. ज्वाळा पट्ट्यापर्यंत आल्या आणि विझल्या.

यंदा तिथं पत्र्याचं कुंपण आहे, आत जेसीबी चालतो. ती गेली असेल दुसरीकडे, किंवा नसेल. मला माहीत नाही आणि मी गोड शेवट लिहून तुम्हाला झोपवणार नाही. चाकणच्या या भागात गवत रोज कमी होतंय. जे उरलंय तेही होळी झाली की आपण जाळतो, आणि जाळून उघड्यावर पडलेलं जे सापडतं ते दया म्हणून घरी आणतो. दोन्ही हात आपलेच. रानसशाला पिल्लं वर्षभर होतात. ती उन्हाळ्यात सापडतात ती एवढ्याचसाठी.

होळीपासून माझ्या फोनवर मेसेज यायला लागलेत. ताई, सशाचं पिल्लू मिळालंय, काय खायला देऊ? सोबत फोटो. खोकं, रुमाल, वाटीत दूध, मुलांचे हसरे चेहरे. प्रत्येकाला मी एकच लिहिते. कुणी उत्तर देतं, कुणी ब्लॉक करतं. एकानं लिहिलं, तुम्ही प्राणीप्रेमी आहात की कोण? मी प्राणीप्रेमी नाही. प्रेमाबिमाचं मला सांगू नका. एक आई आज येणार आहे, तिला तिचं पिल्लू जागेवर मिळालं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, विनंती करत नाही. तुमच्या घरात, तुमच्या बिल्डिंगमध्ये, तुमच्या शिफ्टमधल्या कुणाकडे खोक्यात रानातलं पिल्लू असेल, तर हे पान इथंच ठेवा. दूध बाजूला करा. मुलं रडतील, रडू द्या. शेजारी दगड म्हणतील, म्हणू द्या. जिथून उचललं ती जागा ज्यानं उचललं त्याला विचारा, त्यालाच सोबत घ्या, आणि दिवस मावळायच्या आत ते तिथं ठेवून लांब व्हा. गेट बंद असेल तर उघडायला लावा. उठा.